फणी बाळगणारा कोळी

दिवाळीची साफसफाई निघाली की सुरतेतील आमच्या जुन्या घरात झाडूचा पहिला फटका कोनाड्यातल्या जळमटांवर बसतो. त्या जळमटांचा कर्ता कोण, हे पाहण्याचे आम्हांस मात्र निवृत्तीनंतरच सुचले.

त्याचे कुळ थेरिडिइडी. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ सुंदेवाल याने १८३३ मध्ये ते मांडले. आज त्यात अडीच हजारांहून अधिक जाती गणल्या जातात. पायांच्या चौथ्या जोडीच्या टोकाशी दातेरी केसांची रांग असते, तीच याची फणी. तिने चिकट रेशीम भक्ष्यावर फेकून तो त्यास जखडतो. जाळे वेडेवाकडे दिसले तरी त्यात हिशेब असतो. जमिनीपर्यंत ताणलेल्या धाग्यांची खालची टोके चिकट असतात; मुंगी त्यांत अडकली की धागा जमिनीपासून सुटतो आणि ती अधांतरी लोंबकळते.

आपल्याकडील कोळ्यांचा इतिहास मात्र बराचसा परदेशी लिहिला गेला. मेंद्रोन याने १८९६ मध्ये कराची आणि माथेरान येथे जमवलेल्या कोळ्यांचे वर्णन सिमों याने १८९७ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले. याच कुळातील विषारी लॅट्रोडेक्टसच्या एका प्रकारास दिलेले ‘इंडिकस’ हे नावही १८९७ चे आणि सिमोंचेच. पुढे शतक उलटल्यावर, २००१ मध्ये, मंजू सिलीवाल व डॉली कुमार यांनी तो बडोदे जिल्ह्यातील कापसाच्या शेतात आढळल्याची नोंद ‘करंट सायन्स’मध्ये केली.

कापूस म्हटला की सुरतकरांस १९७० सालचे संकर-४ आठवते, डॉ. सी. टी. पटेल यांचे ते वाण येथल्याच संशोधन केंद्रातले. सरकारी नोकरीत आम्हीही पेऱ्याचे, उताऱ्याचे आणि फवारणीचे आकडे भरले. किडीबरोबर किडी खाणारे कोळीही त्या फवाऱ्याखाली मरत. त्यांच्यासाठी एकाही तक्त्यात रकाना नव्हता, आणि तो असावा असे आम्हांसही कधी वाटले नाही.

लॅट्रोडेक्टसचा दंश वेदनादायक असतो, म्हणून अडगळीत हात घालताना जपावे. परंतु त्या एका वंशाच्या भीतीपायी सारे कुळ झाडून काढणे न्यायाचे नव्हे. यंदा देवघराचा कोनाडा झाडला. जिन्याखालचे जाळे मात्र आम्ही राहू दिले आहे.