ऐकलेलं नागपूर

आपल्या गावाचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण कुठून सुरुवात करतो? गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलेलं नगर, मग भोसल्यांची राजधानी, १८१७ ची सीताबर्डीची लढाई, पुढे इंग्रजांचा मध्य प्रांत. १९०८ चं जिल्हा गॅझेटियर उघडलं तर पाऊस, पिकं, पेठा, विणकर, सगळ्यांची नोंद सापडते. पण हा सगळा इतिहास मुका आहे. लढाईत टेकडीवर कोण होतं आणि पायथ्याशी कोण, ते कळतं. त्यानंतरच्या दिवसांत पेठेतली माणसं मोठ्यानं बोलत होती की कुजबुजत, ते काही कळत नाही.

कविता लिहिणाऱ्या माणसाला ही उणीव जरा जास्त बोचते. म्हणून गेली काही वर्षं मी सुट्टीच्या दिवशी पहाटे पायी निघतो आणि खिशातल्या मोबाइलवर गावाचे आवाज टिपत फिरतो. मोमीनपुऱ्यातून गांधीबाग, तिथून इतवारी, महाल, परतताना कॉटन मार्केट. घरच्यांच्या मते हे एक खूळ आहे. असेलही.

मात्र हे खूळ माझ्या एकट्याचं नाही. कॅनडात मरे शेफर नावाच्या संगीतकारानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्हँकुव्हर शहराचे रोजचे आवाज टिपून १९७३ साली ते प्रसिद्धही केले. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, १९१३ ते १९२९ या काळात, ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणासाठी हिंदुस्थानातल्या बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या झाल्या. पण त्यात माणसाला यंत्रासमोर बसवून बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट त्याच्या बोलीत म्हणायला लावत. बोली जपली गेली, हे उपकारच. तरी बाजारात भावासाठी भांडणारी बोली आणि यंत्रासमोर अदबीनं बसलेली बोली यांत फरक असणारच. शिवाय ते अवजड यंत्र उचलून इतवारीच्या गर्दीत कोण शिरणार? आज तेच काम करणारं यंत्र रिक्षावाल्याच्याही खिशात असतं. नेमके टिपण्याजोगे आवाजच उठून चाललेत.

सगळ्यात मोठा गेलेला आवाज म्हणजे एम्प्रेस मिलचा भोंगा. जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं तो हाच दिवस, म्हणून नाव एम्प्रेस. माझ्या लहानपणी आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. विश्वास भोंग्यावर. भोंगा झाला की अम्मी चूल पेटवायची, कुणी डबा घेऊन सायकलवर टांग टाकायचं, कुणी पाळीवरून परतायचं. भोंगा हिंदूचा नव्हता, मुसलमानाचा नव्हता, गिरणीत न जाणाऱ्यांचाही तोच होता.

गिरणीच्या आतला आवाज निराळा. मागखात्यात कानठळ्या बसायच्या. तिथे आयुष्य काढलेली माणसं घरी आली तरी ओरडून बोलत. खात्यात ती हातांच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून एकमेकांशी बोलत. आमच्या गल्लीतले असे एक चाचा चहाच्या टपरीवरही चहा खुणेनंच मागत, आणि आम्ही पोरं हसत असू. त्यांचे कान गिरणीत राहिलेत, हे कळायचं आमचं वय नव्हतं. १९८६ साली गिरणी सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आता त्या जागेच्या एका भागात मॉल आहे. तिथे उभं राहून मी दहा मिनिटं टिपली: सरकता जिना, गाण्याचा ठेका, सुरक्षारक्षकाची शिट्टी.

हातमागाचं दुःख याहून जुनं. भोसल्यांच्या काळापासून इथे हलबा-कोष्टी विणत होते. उत्तरेतले मोमीन विणकर, विशेषतः १८५७ च्या धामधुमीनंतर, इथे येऊन वसले. दोघांचे देव वेगळे, मोहल्ले वेगळे, पण गोळीबार चौकातून गेलात काय किंवा मोमीनपुऱ्यातून, आवाज एकच. पावडी दाबल्याचा करकर, धोटा पळाल्याचा सर्र, फणी ठोकल्याचा धप्प. अब्बा मागावर बसत तेव्हा या आवाजावरून अम्मीला कळायचं की सूत चांगलं आलंय की तुटकं. कांड्या ती भरायची, तेव्हा तिला कळणारच. पॉवरलूम आला तेव्हा हा ताल यंत्राच्या खडखडाटात बुडाला. नंतर यंत्रंही एकेक करून गप्प झाली. आता हातमाग मोजके उरलेत. अशाच एका मागापाशी मी मोबाइल धरून उभा होतो. विणणारी म्हातारी म्हणाली, "आवाज भरून काय करशीन भाऊ? लुगडं घेनारा कोनी असन त सांग." तिचं हे वाक्यही टिपलं गेलंय, मागाच्या आवाजासकट. ते पुसायचं नाही असं मी ठरवलंय.

रात्रीचे आवाजही होते. १९४९ मध्ये देशात रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत परत जात. जुनी माणसं सांगतात, विमानाची घरघर ऐकू आली की रात्र अर्धी झाली असं समजायचं. नॅरोगेजची छिंदवाड्याची गाडी २०१५ पर्यंत धावत होती. आता तिची इंजिनं पाहायला मोतीबागेतल्या संग्रहालयात जावं लागतं. पोरांना घेऊन जरूर जा. फक्त तिथलं इंजिन शिट्टी मारत नाही, एवढं आधी सांगून ठेवा.

काही आवाज मेले नाहीत, सुजले. रमजानात सहरीसाठी उठवणारा फकीर डफ वाजवत गल्लीतून जायचा आणि घराघरातल्या माणसांची नावं घेऊन हाक मारायचा. महालात पहाटेची काकड आरती गल्लीपुरती ऐकू यायची. या दोन्हींना लाउडस्पीकरनं गिळलं, आणि मग लग्नाच्या वरातीतल्या डीजेनं लाउडस्पीकरलाही गिळलं. यात कुठल्या एका धर्माकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. २००० सालच्या नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. आवाजाच्या मोजणीवर काम करणारी नीरी ही संस्था आपल्याच नागपुरात आहे, १९५८ पासून. मोजणी हवीच. पण डेसिबलच्या आकड्यात डीजे आणि पिंजाऱ्याची तात यांतला फरक उतरत नाही. पिंजारी थंडीच्या तोंडावर यायचा, अंगणात कापूस पसरायचा आणि त्या तातेचा धुंई-धुंई नाद ऐकत आम्ही मुलं तासभर बसायचो. तो मोजायचा कशात?

आणि एक आवाज असा, की त्यात इतिहास शब्दशः जिवंत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासूनची ही प्रथा. काळ्या मारबतीमागे इंग्रजांना सामील झालेल्या बांकाबाईंवरचा राग आहे, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे. रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा, असा गर्दीचा ओरडा सुरू झाला की मोबाइलचा माईक फाटतो. गॅझेटियरमध्ये न मावलेला लोकांचा राग त्या ओरड्यात ऐकू येतो.

तुम्हालाही टिपावंसं वाटलं तर दोनच गोष्टी सांगतो. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात जागा, तारीख, वेळ बोला, नाहीतर दहा वर्षांनी तुम्हालाच ओळखू येणार नाही. आणि माणसाला विचारल्याशिवाय त्याचा आवाज घेऊ नका. मागून वर संगीत तर मुळीच चढवू नका.

माझ्याकडे आता इतवारीच्या सराफ्यातली हातोडी आहे, संत्र्याच्या पेट्यांवर ठोकले जाणारे खिळे आहेत, हातगाडीवाल्या हमालाचं "बाजू, बाजू" आहे. कल्हईवाला मात्र अजून सापडलेला नाही. जुन्या शुक्रवारीत दिवाळीच्या आधी एक येतो म्हणतात. यंदा आठवडाभर आधीपासून तिकडे चकरा मारणार आहे.