खाणीच्या ढिगाऱ्यावरील गवत

वेल्समधील शिसे, जस्त आणि तांब्याच्या खाणी फार जुन्या. अँगलसी बेटावरील पॅरिस डोंगराची तांब्याची खाण (या पॅरिसचा फ्रान्सशी काही संबंध नाही) अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सर्वांत मोठी होती. पुढे धंदा बसला, माणसे गेली आणि खाणींतून काढून टाकलेल्या मालाचे उघडे ढिगारे तेवढे मागे राहिले. पावसात त्यांतील धातू ओढ्यांत उतरत, वाऱ्याने धूळ शेजारच्या कुरणांवर जाई. कॅथलीन कार्पेंटर यांनी १९२०च्या दशकात कार्डिगनशरमधील नद्या तपासल्या, तेव्हा शिशाच्या खाणींमुळे तेथील जलचरांची वाताहत झालेली त्यांना दिसली.

अशा विषारी ढिगाऱ्यांवरही मधूनमधून गवताचे पुंजके होते. ॲग्रॉस्टिस नावाचे, शेजारच्या कुरणात गुरे खातात तेच साधे गवत! ते तेथे जगते कसे? सवयीने, की वारशाने?

प्राग येथील सिल्व्हेस्टर प्राट यांनी १९३४ साली तांब्याच्या खाणीवरील एका फुलझाडाचे बी घेऊन पाहिले. त्याची रोपे तांबेयुक्त मातीत वाढली, त्याच जातीची इतर ठिकाणची रोपे तेवढी वाढली नाहीत. म्हणजे गुण बियांतून उतरत होता. हा निबंध फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही. १९५२ साली वेल्समध्ये काम करणाऱ्या अँथनी ब्रॅडशॉ यांनी शिसे-जस्ताच्या खाणीवरील ॲग्रॉस्टिस आणि कुरणातील ॲग्रॉस्टिस यांची अशीच तुलना प्रसिद्ध केली, आणि मग मात्र या विषयाला वेग आला.

मोजमापाची सोपी पद्धत १९५७ साली विल्किन्स यांनी दिली. धातूचा पहिला घाव मुळांवर बसतो. म्हणून एकाच रोपाचे फुटवे धातू असलेल्या आणि नसलेल्या द्रावणांत ठेवायचे आणि मुळांच्या वाढीचे गुणोत्तर काढायचे. शाळेत हेच कांद्यावर करता येईल. एक कांदा साध्या पाण्यावर, दुसरा मोरचुदाच्या अगदी विरळ द्रावणावर ठेवावा आणि चार-पाच दिवसांनी मुळे मोजावीत. (मोरचूद विषारी आहे, ते शिक्षकांनीच हाताळावे आणि द्रावण नंतर झाडांना घालू नये.)

या पट्टीने मोजू लागल्यावर चित्र स्पष्ट झाले. तांबे सोसणारे गवत शिसे सोसेलच असे नाही. प्रत्येक धातूची सहनशक्ती बहुधा वेगळी. खाणीची हद्द ओलांडताच काही मीटरांत सहनशील गवत संपून साधे सुरू होई, वाऱ्याने पराग इकडून तिकडे जात असूनही. साध्या कुरणातील ॲग्रॉस्टिसचे भरपूर बी तांब्याच्या मातीत पेरले असता बहुतेक सारी रोपे मेली, पण हजारांत एखाद-दुसरे जगले, आणि ते सहनशील निघाले. धातूने गुण निर्माण केला नव्हता. आधीपासून असलेल्या थोड्या रोपांना वेचून बाकीची मारली होती. ज्या जातींत अशी रोपे मुळातच नव्हती त्यांची डाळ खाणीवर शिजली नाही. १९८८ साली तर जस्ताचा मुलामा दिलेल्या विजेच्या मनोऱ्यांखालच्या गवतातही जस्ताची सहनशक्ती आढळली. हे मनोरे उभे राहून काही दशकेच झाली होती. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांची गोष्ट असे वर्गात सांगताना आपण हे उदाहरण जरूर द्यावे.

ब्रॅडशॉ यांना एवढ्यावर थांबायचे नव्हते. लिव्हरपूलला गेल्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी खाणींवरील गवतांचे बी वाढवून वाण तयार केले: तांब्यासाठी ‘पॅरिस’, आम्लधर्मी शिसे-जस्ताच्या मातीसाठी ‘गॉगिनन’, चुनखडीयुक्त मातीसाठी ‘मर्लिन’. नुसते बी टाकून भागत नसे. ढिगाऱ्यांत नत्र आणि स्फुरद जवळपास नसल्याने खतही घालावे लागे. आमच्या मते या कामातील शहाणपण इथेच आहे. विषाशी झगडणाऱ्या रोपाला उपाशी ठेवून चालत नाही.

गवत हे सोसते कसे, याचा शोध प्रयोगशाळेत चालूच होता. १९८५ साली म्युनिकच्या ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी ‘फायटोकेलाटिन’ ही लहान साखळीरेणूंची जात शोधली. त्यासाठी वापरलेल्या पेशी आपल्या परिचयाच्या सर्पगंधेच्या होत्या. या साखळीतील सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधक कॅडमियमला पकडते आणि ही जोडी पेशीच्या रिक्तिकेत बंद होते. कोडे सुटले असे पुष्कळांना वाटले. पण खाणींवरील सहनशील रोपांत फायटोकेलाटिन साध्या रोपांपेक्षा जास्त नसल्याचे पुढे दिसून आले. तो सर्वच वनस्पतींचा रोजचा बचाव होता. खाणीवरील गवताची युक्ती निराळी होती.

एक प्रश्न मात्र उरतोच: रोप तगले, पण खाणाऱ्याचे काय? जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात तो उद्भवला. कामिओका खाणीचे कॅडमियम नदीवाटे भातखाचरांत आले. तेथे पिकलेला भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. वेदनांनी विव्हळणाऱ्या रुग्णांच्या उद्गारांवरून या रोगाला ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ हे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने कॅडमियमशी त्याचा संबंध मान्य केला. तेथे सोशिक रोप नको होते. कॅडमियम आत न घेणारे हवे होते. २०१२ साली जपानी शास्त्रज्ञांनी ‘कोशिहिकारी’ या भाताच्या बियांवर कार्बन आयनांचा मारा करून असे वाण मिळवले. त्याच्या मुळांतील, मँगनीजबरोबर कॅडमियमलाही आत घेणारे प्रथिन निकामी झाले आहे, आणि दाण्यात कॅडमियम जवळजवळ उतरत नाही.