सातेरी, आग्या, फुलोरी : साताऱ्याचा मधव्यवसाय आणि बुद्धीची तुलना

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील महाबळेश्वर आणि जावळी तालुक्यांचा घाटमाथा जांभूळ, हिरडा, गेळा या झाडांच्या आणि काही वर्षांच्या अंतराने एकदाच, पण डोंगरच्या डोंगर व्यापून फुलणाऱ्या कारवीच्या बहरामुळे महाराष्ट्रातील मधव्यवसायाचे प्रमुख केंद्र ठरला. या पट्ट्यात मधमाश्यांच्या अनेक जाती शेजारीशेजारी नांदतात. झाडाच्या ढोलीत किंवा जमिनीतील पोकळीत, अंधारात, एकामागे एक अशी अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी, उंच फांदीला किंवा कड्याच्या कपारीला एकच मोठे, उघडे पोळे टांगणारी आग्या, झुडपाच्या डहाळीभोवती तळहाताएवढे पोळे बांधणारी फुलोरी आणि यांच्याहून वेगळ्या प्रजातीतील, नांगी न मारणारी पोया या त्यांपैकी मुख्य होत. एकाच रानात, एकाच फुलोऱ्यावर जगणाऱ्या या जातींत अधिक बुद्धिमान कोण, या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी शोधण्याच्या आधीच मधव्यवसायाने आपल्यापुरते देऊन टाकले होते, आणि ते उत्तर सदोष होते.

रानातला मध काढण्याची जुनी रीत साधी आणि विध्वंसक होती. मोहोळाखाली धूर करायचा, माश्या उठल्या की सबंध पोळे कापून घ्यायचे आणि ते हाताने पिळायचे, अशा या पद्धतीत मधाबरोबर अंडी-अळ्यांचाही चेंदा होत असे आणि वसाहत बहुधा नष्ट होई. १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालनाला ग्रामोद्योगांत स्थान दिले. १९४६ मध्ये महाबळेश्वर येथे शासकीय पातळीवर या कामाला सुरुवात झाली आणि घाटातील शेतकऱ्यांच्या परसात मधपेट्या दिसू लागल्या.

या पेटीमागील तत्त्व अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांना १८५१ मध्ये गवसले होते. दोन पोळ्यांमध्ये माश्या ये-जा करण्यापुरती ठराविक फट मोकळी ठेवतात, युरोपीय माशीच्या बाबतीत ती सुमारे ९ मिलिमीटर असते, आणि पेटीतील लाकडी चौकटी नेमक्या त्या अंतरावर बसवल्या तर माश्या त्या एकमेकींना चिकटवून टाकत नाहीत. त्यामुळे एकेक चौकट उचलून पाहता येते आणि मधयंत्रात फिरवून पोळे न मोडता मध काढता येतो. सातेरी ही युरोपीय माशीसारखीच पोकळीत समांतर पोळी बांधणारी असल्याने आकाराने लहान केलेल्या पेटीत ती राहिली. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकेरी पोळे बांधणाऱ्या, म्हणून त्या राहिल्या नाहीत. फरक घर बांधण्याच्या सवयीचा होता. व्यवहारात मात्र सातेरी ही शहाणी, माणसाळणारी आणि आग्या ही निव्वळ रागीट, रानटी अशी प्रतवारी रूढ झाली.

अशी प्रतवारी करण्याचा मोह विद्वानांनाही आवरला नव्हता. रोमेन्स यांनी १८८२ मध्ये प्राण्यांच्या बुद्धीवर लिहिलेल्या ग्रंथात कीटकांपासून वानरांपर्यंतचे दाखले बहुतांशी लोकांनी कळवलेल्या हकिकतींवरून जमवले होते. त्यावर लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये दंडक घातला की, एखादे वर्तन साध्या मानसिक क्रियेने समजत असेल तर त्यामागे उच्च प्रतीची बुद्धी गृहीत धरू नये. मधमाशीच्या बाबतीत या दंडकाची खरी कसोटी फॉन फ्रिश यांच्या संशोधनात लागली. फुलोऱ्याहून परतलेली कामकरी माशी पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर पोट थरथरवत सरळ रेषेत चालते, वळून पुन्हा आरंभस्थानी येते आणि तीच रेष पुन्हा गिरवते. या रेषेचा उभ्या दिशेशी असलेला कोन म्हणजे फुलोऱ्याच्या दिशेचा सूर्याशी असलेला कोन, आणि थरथरण्याचा कालावधी म्हणजे अंतर. हा शोध त्यांच्या १९७३ च्या नोबेल पारितोषिकामागील मुख्य कार्य होय.

त्यांचे शिष्य लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत जाऊन सातेरी, आग्या आणि फुलोरी या तीन आशियाई जातींच्या नृत्यांची तुलना केली, आणि घाटमाथ्यावरील माश्या समजून घेण्यासाठी याहून मोलाचे काम क्वचितच झाले असेल. सातेरी अंधारात नाचते, म्हणून तिला सूर्याची दिशा गुरुत्वाकर्षणाच्या दिशेत रूपांतरित करावी लागते. फुलोरी पोळ्याच्या माथ्यावर, डहाळीवरील आडव्या सपाटीवर, उजेडात नाचते आणि थेट फुलोऱ्याच्या दिशेला तोंड करून रेष काढते. एवढ्यावरून सातेरीची बुद्धी वरच्या पायरीवरची म्हणावी, तर आग्या आड येते, कारण उभ्या पोळ्यावर नाचणारी ही माशी चांदण्या रात्रीही मध गोळा करते आणि सूर्य क्षितिजाखाली असताना त्याच्या स्थानाच्या आधारे दिशा सांगते, हे १९८० च्या दशकातील निरीक्षणांतून दिसून आले. रागीट म्हणून बाजूला टाकलेल्या माशीचे हे सामर्थ्य मधव्यवसायाच्या हिशेबात कधी धरलेच गेले नव्हते.

येथे सहजप्रेरणा, म्हणजे न शिकता येणारे उपजत वर्तन, आणि अनुभवातून शिकणे यांत भेद करणे आवश्यक आहे. फुलोरी डहाळीच्या दोन्ही बाजूंना चिकट पदार्थाची कडी लावून मुंग्यांना रोखते, सातेरी गांधीलमाशीला गराडा घालून अंगाच्या उष्णतेने, सुमारे ४५ अंशांवर तापमान नेऊन, मारते. ही वर्तने मुख्यतः उपजत आहेत. नृत्यही तसेच मानले जाई, परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, अनुभवी माश्यांचे नृत्य अनुसरण्याची संधी न मिळालेल्या तरुण युरोपीय माश्या दिशा सांगण्यात पुढे सुधारतात, पण अंतर सांगण्यातली त्यांची चूक कायम राहते. सुमारे १० लाख चेतापेशींच्या मेंदूत उपजत आणि शिकलेले इतके गुंतलेले असेल, तर सर्व जातींना एकाच शिडीवर बसवणारी तुलना टिकत नाही; कोणत्या जातीपुढे कोणती अडचण होती आणि तिने ती कशी सोडवली, एवढेच सार्थपणे विचारता येते.

व्यवसायाची दृष्टी हळूहळू बदलत गेली. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उभी राहिली, तर १९६० च्या दशकात पंजाबमध्ये स्थिरावलेली मेलिफेरा ही युरोपीय माशी अधिक मध देते म्हणून पुढे महाराष्ट्रातही आली. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. आग्या मोहोळाच्या बाबतीत मात्र सर्वांत महत्त्वाचा बदल विदर्भातून आला. आग्या माशी मध पोळ्याच्या वरच्या, फांदीलगतच्या जाड भागात साठवते आणि अंडी-अळ्या खालच्या भागात ठेवते, हे ध्यानात घेऊन वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने संरक्षक पोशाख घालून केवळ मधाचा भाग कापण्याची पद्धत प्रचारात आणली. या पद्धतीत अळ्यांचा भाग जागच्या जागी राहतो, वसाहत टिकते, आणि कापलेला भाग पुन्हा बांधून माश्या त्यात मध भरतात, त्यामुळे त्याच मोहोळातून हंगामात पुन्हा मध मिळू शकतो.