अमेडियस चतुष्काची जडणघडण : एका आख्यायिकेची तपासणी

दोन व्हायोलिन, एक व्हिओला व एक चेलो अशा चार वाद्यांच्या मेळास पाश्चात्त्य संगीतात तंतुवाद्य-चतुष्क म्हणतात. एकाही वादकाचा पालट न होता जवळजवळ चाळीस वर्षे टिकलेल्या 'अमेडियस' चतुष्काविषयी अशी आख्यायिका रूढ आहे, की ते इंग्लंडमधील स्थानबद्धांच्या छावणीत जन्मास आले. आख्यायिका आकर्षक आहे व तिच्यात सत्याचा अंशही आहे. परंतु तो अंश किती, हे पाहिले पाहिजे. कारण ती जशीच्या तशी स्वीकारल्यास एका अन्याय्य राजाज्ञेच्या पदरी नकळत पुण्य पडते.

१९३८ च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर जी ज्यू मुले इंग्लंडच्या आश्रयास आली, त्यांत नॉर्बर्ट ब्रेनिन (जन्म १९२३), पीटर शिडलॉफ व झीगमुंड निसेल (दोघांचा जन्म १९२२) हे तिघे होते. तिघेही व्हायोलिनवादक. युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन रहिवाशांची न्यायाधिकरणांमार्फत तीन वर्गांत विभागणी केली आणि बहुसंख्य निर्वासितांना तिसऱ्या, म्हणजे निरुपद्रवी, वर्गात घातले. १९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्स कोसळू लागल्यावर हा विवेक गुंडाळून ठेवण्यात आला व इटालियन धरून सुमारे २७,००० माणसे स्थानबद्ध झाली. 'शत्रुदेशीय परकीय' ही त्या काळची कायद्याची संज्ञा विचार करण्यासारखी आहे. शत्रुदेशाने ज्यास हाकलून दिले, तोही त्या संज्ञेत शत्रूच ठरे. दोहोंतील भेद दाखविण्यास तिच्यात जागाच नव्हती. (भारतातही हीच संज्ञा लागू होऊन पुरंदर व सातारा येथे अशा माणसांना ठेवण्यात आले होते.)

ब्रेनिन व शिडलॉफ यांची गाठ श्रॉपशायरमधील प्रीस हीथ येथील छावणीत पडली. पुढे आयल ऑफ मॅन या बेटावरील ऑन्कनच्या छावणीत शिडलॉफ यांना निसेल भेटले. छावणीचे देणे एवढेच. तीन व्हायोलिनांचे चतुष्क होत नाही, आणि चौथे वादक मार्टिन लव्हेट (जन्म १९२७) हे लंडनमध्येच जन्मलेले असल्यामुळे त्यांचा छावणीशी काही संबंधच नव्हता. म्हणजे तारेच्या कुंपणाआड जुळला तो परिचय, चतुष्क नव्हे.

चतुष्क घडले ते सुटकेनंतर, व ते घडविणारी कारणे सरकारी नव्हती. स्थानबद्ध संगीतकारांना सोडवावे म्हणून जी समिती प्रयत्न करीत होती, तिचे अध्यक्ष राल्फ व्हॉन विल्यम्स होते. स्वतः ज्यू असलेले व १९३४ पासून लंडनमध्ये राहणारे व्हायोलिनगुरू माक्स रोस्टल यांनी या तरुणांना विनामूल्य शिकविले. ही गोष्ट वरवर लहान दिसते; तथापि युद्धकाळात पोटासाठी मिळेल ते काम करणाऱ्या, आईबापांचे छत्र दुरावलेल्या मुलांच्या बाबतीत वर्षानुवर्षांची फी न घेणे म्हणजे त्यांचा व्यवसायच त्यांच्या हाती देणे होय. लव्हेट यांचा या मंडळींत प्रवेश झाला तोही रोस्टल यांच्या शिष्यवर्तुळातील ओळखीतून.

याहून निर्णायक गोष्ट शिडलॉफ यांची आहे. व्हिओलाच्या तारा व्हायोलिनच्या पंचमाने खाली लावलेल्या असतात. वाद्य आकाराने मोठे, बोटांचे अंतर निराळे, स्वरलिपीची खूणही निराळी. शिवाय एकलवादकाच्या कीर्तीची वाट तेव्हा व्हायोलिनवरूनच जात असे. ब्रेनिन यांनी १९४६ मध्ये कार्ल फ्लेश पारितोषिक मिळविले होते. अशा वेळी त्यांच्या बरोबरीच्या वादकाने आपले वाद्य बाजूस ठेवून मधल्या सुरांचे काम पत्करणे सोपे नव्हते. पुढे समीक्षकांनी या चतुष्काच्या नादमाधुर्याची जी वाखाणणी केली, तिच्या मुळाशी हा व्हायोलिनवादकाचा हात असलेला व्हिओला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

१९४७ च्या जुलैमध्ये डेव्हनमधील डार्टिंग्टन हॉल येथे 'ब्रेनिन चतुष्क' या नावाने त्यांचे पहिले वादन झाले. (श्रीनिकेतनात रवींद्रनाथांचे सहकारी असलेल्या लेनर्ड एल्महर्स्ट यांनी उभारलेली ही संस्था.) तेथील संगीतविभाग सांभाळणाऱ्या इमोजेन होल्स्ट यांनी ते ऐकले आणि लंडनमधील जलशासाठी स्वतःचे १०० पौंड पुढे केले. त्यातून १० जानेवारी १९४८ रोजी विगमोर हॉलमध्ये चतुष्क 'अमेडियस' या नव्या नावाने श्रोत्यांपुढे आले. या सभागृहाचा इतिहास येथे आठवल्यावाचून राहत नाही. बेख्श्टाइन या जर्मन पियानो-कंपनीने १९०१ मध्ये ते बांधले; पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून ते जप्त होऊन विकले गेले व १९१७ मध्ये नवे नाव घेऊन पुन्हा उघडले. एका युद्धात शत्रू ठरलेल्या वास्तूत दुसऱ्या युद्धात शत्रू ठरलेले तिघे वाजवीत होते.

काळही अनुकूल होता. बी.बी.सी.ने सप्टेंबर १९४६ मध्ये सुरू केलेल्या 'थर्ड प्रोग्रॅम'मुळे गंभीर संगीतास नियमित श्रोता मिळू लागला होता, आणि दीर्घवादन तबकडीमुळे चतुष्काची संपूर्ण रचना खंड न पडता घरात ऐकता येऊ लागली. महायुद्धापूर्वीपासून नावाजलेले ग्रिलर चतुष्क १९४९ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे गेले. चौघांस केवळ चतुष्कावर उपजीविका करता आली ती अशा परिस्थितीत. नुसत्या गुणांवर ती झाली असती असे मानण्यास आधार नाही. डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीसाठी १९५९ ते १९६३ या काळात त्यांनी बेथोव्हनची सर्व चतुष्के ध्वनिमुद्रित केली, हाही त्या इतिहासातील एक विलक्षण योग. बेंजामिन ब्रिटन यांनी आपले तिसरे चतुष्क त्यांच्यासाठी लिहिले. त्याचे पहिले वादन त्यांनी ब्रिटन यांच्या निधनानंतर पंधरा दिवसांनी, १९ डिसेंबर १९७६ रोजी, स्नेप येथे केले.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये शिडलॉफ वारले. उत्तम व्हिओलावादक तेव्हा दुर्मिळ नव्हते. तरीही उरलेल्या तिघांनी त्यांच्या जागी कोणास घेतले नाही. चतुष्क विसर्जित करून ते तरुण चतुष्कांना शिकवू लागले. ब्रेनिन २००५ मध्ये, निसेल २००८ मध्ये व छावणी न पाहिलेले लव्हेट २०२० मध्ये निवर्तले.