दोन्ही बाजू बोलतात तेव्हा : प्रस्तावना

निलंग्यात ज्याला मेंढीकोट खेळता येतो, त्याने ब्रिजची निम्मी वाट आधीच चाललेली असते. समोरासमोर बसलेले भिडू, प्रत्येकाकडे तेरा पाने, रंगाला रंग आणि रंग नसेल तर हुकूम, हे सारे त्याला ठाऊक असते. फरक हुकुमाचा आहे. मेंढीकोटात तो झाकल्या पानातून किंवा रंग तुटल्यावर ठरतो; ब्रिजमध्ये तो बोलीने जिंकावा लागतो आणि जिंकताना किती हात करणार हेही कबूल करावे लागते. या बोलीच्या सर्वांत अवघड भागाचा, म्हणजे दोन्ही बाजू हुकमासाठी चढाओढ करतात तेव्हा काय बोलावे याचा, अभ्यास पुढील पानांत आहे.

आपल्याकडे पत्ते म्हटले की जुगाराची शंका येते. तिचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच दिले आहे. निलंगा तालुका १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, तिथल्याच सिकंदराबादच्या एका क्लबचा तो खटला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सांगताना न्यायालयाने दाखला दिला तो ब्रिजच्या वाटपाचा. पुढे २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला, आणि प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते.

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा सौदा होतो तेव्हा बोली फक्त भाव सांगते. ब्रिजची बोली भाव सांगते, भिडूला पानांची खबर देते आणि प्रतिपक्षाची जागाही अडवते. एकाच उच्चाराला तीन कामे असल्यामुळे निवड कठीण होते.

नवा खेळाडू चित्रांचे गुण मोजायला शिकतो: एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक; एकूण चाळीस. प्रतिपक्ष गप्प असेल तर हा हिशेब बराच पुरतो. पण दोन्ही बाजू बोलू लागल्या की गुण बहुधा जवळजवळ सारखे वाटलेले असतात, आणि मग निकाल लागतो तो हुकमाच्या पानांच्या संख्येवर. झाँ-रने व्हेर्न या फ्रेंच अभ्यासकाने १९६९ मध्ये हा विचार इंग्रजी वाचकांपुढे मांडला आणि लॅरी कोहेन यांच्या १९९२ च्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. नियम असा: दोन्ही बाजूंनी आपापल्या सर्वोत्तम रंगाचा हुकूम केला, तर दोघांचे मिळून जितके हात होतील, ते साधारणपणे दोघांच्या हुकूम-पानांच्या बेरजेइतके असतात.

समजा, आपल्याकडे इस्पिकची आठ पाने आहेत, त्यांच्याकडे बदामची आठ. बेरीज सोळा. त्यांनी तीन बदाम म्हटले, म्हणजे नऊ हात कबूल केले. आपण तीन इस्पिक म्हणावे का? दोघांचे आठ-आठ हात होत असतील, तर त्यांना सोडल्यास ते एका हाताने पडतात आणि आपल्याला ५० गुण मिळतात. आपण चढलो तर आपणच ५० गमावतो. इथे पास हीच योग्य बोली. आता दोघांकडे नऊ-नऊ पाने धरा. बेरीज अठरा. नऊ-नऊ हात होत असतील, तर पास म्हटल्यास आपले १४० गुण जातात आणि तीन इस्पिक म्हटल्यास १४० मिळतात. चित्रे तीच असली तरी हुकमाचे एकेक पान वाढले की निर्णय उलटतो.

तरीही हा नियम डोळे मिटून पाळण्याचा नाही. माइक लॉरेन्स आणि अँडर्स विर्गरेन यांनी २००४ मध्ये त्याला पुस्तकभर विरोध केला. रंगांची वाटणी किती विषम आहे आणि कोणती चित्रे खरोखर कामाची आहेत, याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. प्रतिपक्षाच्या रंगातील आपली राणी आणि गुलाम चढाईत बहुधा वाया जातात, बचावात मात्र एखादा हात देऊन जातात. त्या रंगात आपले एकच पान असेल, तर चित्र पालटते. माझ्या मते बेरजेने सुरुवात करावी आणि वाटणीने ती तपासावी. दोन्ही मते एकमेकांना पूरक आहेत.

बोलीची पारख एका डावाच्या निकालावरून करू नये. चांगला निर्णय कधी पडतो आणि वाईट निर्णय कधी तरून जातो; शंभर डावांत जो फायद्याचा, तोच योग्य.

वाचकांना एकच विनंती आहे. डाव संपल्यावर पाने लगेच पिसू नका. बावन्नही पाने उघडी मांडा, दोन्ही बाजूंचे हुकूम मोजा, होऊ शकणारे हात मोजा आणि भिडूशी चर्चा करा. पुढच्या प्रकरणांतले नियम त्या मोजणीवर तपासा. न पटले तर तुमच्या पानांवर विश्वास ठेवा.