चिंचोक्याची खळ : वस्त्रव्यवसायातील एका चिकट द्रव्याचा इतिहास

वस्त्रकलेच्या इतिहासात सूत, रंग आणि माग यांचा विचार विस्ताराने केला जातो. खळीचा उल्लेख मात्र ओझरताच येतो. वस्तुतः कापडाला कोणते चिकट द्रव्य लावावे, हा निर्णय कारागिराच्या अनुभवाची खरी कसोटी होय. चिंचोक्याच्या खळीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

दख्खनमधील घोंगडी विणणारे चिंचोके भिजवून, वाटून व पाण्यात शिजवून खळ करतात. ती लोकरीच्या ताण्यावर चढविली म्हणजे सुटे तंतू धाग्याला चिकटून बसतात आणि धागा फणीचे घर्षण सोसतो. ओडिशातील पटचित्रकार हेच द्रव्य वेगळ्या कामी योजतात. सुती कापडाचे दोन थर ते खळीने जोडतात, वर खडूची पूड मिसळलेल्या खळीचा लेप देतात आणि वाळल्यावर पृष्ठभाग दगडाने घोटतात. सावंतवाडीच्या गंजिफांसाठीही कापडाला चिंचोक्याची खळ देत व चित्रण झाल्यावर वरून लाखेचा लेप देत.

या खळीची शास्त्रीय चिकित्सा बरीच उशिरा झाली. चिंचोक्याच्या सोललेल्या गरात ४६ ते ४८ टक्के जेलीकारक द्रव्य असते, असे टी. पी. घोष व एस. कृष्ण यांनी १९४२ साली जाहीर केले. १९४३ पासून, महायुद्धाच्या काळात, चिंचोक्याची पूड कापडगिरण्यांतील ताण्याच्या कांजीसाठी व्यापारी प्रमाणावर वापरात आली. हे द्रव्य पिष्ट नव्हे. त्यामुळे पिष्टाचे विघटन करणारी विकरे त्यावर चालत नाहीत. त्याच्या रेणूचा कणा कापसातील सेल्युलोजच्या कण्यासारखाच असतो. सुती कापडाशी त्याची जी जवळीक पटचित्रकारांनी अनुभवाने जाणली होती, तिचा उलगडा यातून होतो.

तथापि या गुणांबरोबर दोषही येतात. ही खळ पाण्याने फुगते. दमट हवेत तिला बुरशी लागते आणि किडीलाही ती खाद्य ठरते. लाखेचे आवरण हा ओलाव्यावरील उपाय होय. म्हणून जुन्या पटाची वा गंजिफेची डागडुजी करताना, प्रथम मूळ खळ ओळखणे अगत्याचे आहे. पाण्याने न सुटणारे कृत्रिम चिकट द्रव्य तेथे लावल्यास एक फाट सांधली जाईल. पण पुढील दुरुस्तीची वाट कायमची बंद होईल.