सहाशे ठसे आणि एक कळफलक

माझ्या वडिलांनी गावच्या जत्रेसाठी एक तीन अंकी पौराणिक नाटक लिहिले होते. ते दोनदा रंगमंचावर आले आणि मग वही कपाटात गेली. 2003 साली मी ते सगळे संगणकावर उतरवून काढले. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर रोज दोन-तीन पाने, असे ते काम चालले. पुढे मूळ वही वाळवीने खाल्ली, पण मी निर्धास्त होतो. फाईल आहे ना!

2012 साली नवा संगणक घेतला आणि हौसेने ती फाईल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम, टिंबे यांचा नुसता काला. मराठीचे एक अक्षर नाही. वडील मागे खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "हें कितें रे?" मला उत्तर देता आले नाही.

मी कलाशाखेचा पदवीधर, व्यवसायाने सरकारी कारकून. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसला. कळ दाबली की कागदावर अक्षर उमटते, त्या दोहोंच्या मध्ये नेमके काय घडते? उत्तर शोधता शोधता मी पोचलो थेट सतराव्या शतकातल्या गोव्यात.

आशियातला पहिला युरोपीय पद्धतीचा छापखाना 1556 साली गोव्यात उतरला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. 1616 साली सासष्टीतल्या राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण लिपी रोमन. असे का? उत्तर स्टीफन्सनीच 1608 साली रोमला पाठवलेल्या एका पत्रात दिले आहे. आपले अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाचा इतिहास लिहिताना या पत्राची दखल घेतली. या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापावीत अशी स्टीफन्सची फार दिवसांची इच्छा होती. पण युरोपात 24 अक्षरांचे ठसे पुरतात, इथे सुमारे सहाशे ठसे पाडावे लागतील, हे मोठे विघ्न होते. आपल्या लिपीत सुटी अक्षरे नाहीत, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून शेकडो आकार होतात, हे त्यांनी अचूक हेरले होते.

हे सहाशे ठसे पुढे अडीचशे-तीनशे वर्षे मराठीच्या मानगुटीवर बसले. 1805 साली बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापून निघाले. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळे सुबकतेच्या टोकाला नेले. पण खिळे जुळवणाऱ्याच्या पुढ्यातली शेकडो घरे काही कमी झाली नाहीत. छापखान्यात ते चालून जाई, कारण माणसाचा हात कुठल्याही घरापर्यंत पोचतो.

खरी पंचाईत झाली टंकलेखन यंत्राची. अमेरिकेत शोल्स आणि त्यांच्या सोबत्यांनी 1868 साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याचा विचारच मुळी रोमन लिपीसाठी होता. चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हे, म्हणजे नव्वदच्या आसपास आकार. त्यात मराठी बसवायची कशी? मग आपल्या अक्षरांचे तुकडे केले गेले. मी स्वतः कॉलेजात असताना मराठी टायपिंग शिकलो आहे. 'ग' हवा असेल तर आधी अर्धा ग् दाबायचा आणि पुढे काना जोडून तो पुरा करायचा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी. अनुस्वाराची कळ दाबली की गाडा जागचा हलत नसे, म्हणजे टिंब पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसे. आम्ही अक्षर लिहीत नव्हतो, त्याचे चित्र तुकड्यातुकड्यांनी जोडत होतो.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. टंकलेखन यंत्रात कळ आणि ठसा एकाच दांडीची दोन टोके असतात. या टोकाला बोट पडले की त्या टोकाचा ठसा फितीवर आपटतो. म्हणून जेवढ्या कळा, तेवढेच ठसे.

संगणकाने नेमकी हीच दांडी तोडली.

संगणकाच्या कळफलकाखाली अक्षरे नसतातच. साध्या कळफलकात प्लास्टिकचे तीन पातळ थर असतात. वरच्या आणि खालच्या थरावर विजेच्या वाटा छापलेल्या असतात आणि मधल्या थराला कळांच्या जागी भोके असतात. कळ दाबली की तिथे वरचा थर खालच्याला टेकतो आणि वीज वाहते. शंभर कळांना शंभर स्वतंत्र तारा लावण्याऐवजी आडव्या-उभ्या वाटांची जाळी केलेली असते. 16 आडव्या आणि 8 उभ्या धरल्या तर 24 तारांत 128 कळा बसतात. आत एक छोटी चिप सेकंदाला अनेकदा या जाळीवरून नजर फिरवते आणि कुठल्या चौकात स्पर्श झाला ते पाहून संगणकाला एक आकडा कळवते. जुन्या आयबीएम पीसीवर रोमन 'के'ची कळ दाबली की 37 हा आकडा जाई आणि सोडली की 165. बस्स, कळफलकाचे काम संपले. तो आकडा रोमन 'के'चा मानायचा की मराठी 'क'चा, हे संगणकातला आज्ञासंच ठरवतो.

आपल्या लिप्यांसाठी हे ओळखून काम झाले ते कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये. 1986 साली इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. जिथे क तिथेच शिफ्ट दाबून ख, जिथे त तिथेच थ. म्हणजे आपण पहिलीत घोकलेली वर्णमालाच तिथे मांडलेली आहे. जोडाक्षरांच्या कळा जवळपास लागतच नाहीत. 'क्ष' हवा? क, हलन्त, ष असे तीन वेळा दाबा. बेळगावचा माणूस कन्नड लिहो वा मराठी, क साठी बोट त्याच कळेवर पडते.

आणि साठवले काय जाते? पुन्हा आकडेच. 1991 साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ विभागात एकूण 128 जागा आहेत. क चा क्रमांक 2325, हलन्ताचा 2381, ष चा 2359. हे तीन आकडे ओळीने आले की 'क्ष' चा आकार काढायचा, ही जबाबदारी फॉन्टची आणि त्याला चालवणाऱ्या आज्ञावलीची. 'कि' लिहिताना आपण उच्चाराप्रमाणे आधी क आणि मग वेलांटी दाबतो. साठा तसाच होतो, पण पडद्यावर वेलांटी उडी मारून अलीकडे येते. विंडोज 2000 बरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. स्टीफन्सना हवे असलेले शेकडो ठसे अखेर असे फॉन्टच्या पोटात गेले आणि बोटांना त्यांचा भार उरला नाही.

आता राहिला कागद. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आठवतो ना, खर्रर्र आवाज करणारा? त्याच्या डोक्यात 9 किंवा 24 बारीक सुया असतात. विद्युतचुंबकाच्या जोरावर त्या शाईच्या फितीवर आपटतात आणि ठिपक्यांतून अक्षर उभे राहते. रोमन अक्षरांचे आकार त्याच्या स्मृतीत आधीच भरलेले असत. आकडा पाठवला की तो अक्षर काढी. मराठी त्याला ठाऊक नव्हती, म्हणून ठिपका न् ठिपका संगणकाला पुरवावा लागे. त्यामुळे मराठी पत्र इंग्रजीपेक्षा रेंगाळत छापले जाई. लेझर प्रिंटरने हा भेद मिटवला. गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरॉक्स कंपनीत 1971 साली तो तयार केला. त्यात विजेने भारलेल्या रुळावर प्रकाशाच्या रेषेने पानाचे चित्र रेखले जाते, त्यावर कोरडी पूड चिकटते आणि उष्णतेने ती कागदावर वितळून बसते. 1984 सालच्या एचपी लेझरजेटला एका इंचात 300 ठिपके काढता येत. आता सगळे पानच ठिपक्यांचे. लिपी कुठली याच्याशी रुळाला काही कर्तव्य नाही.

मग वडिलांच्या नाटकाचे काय झाले होते? 2003 साली मी वापरला तो फॉन्ट जुन्या पद्धतीचा होता. त्यात रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकार चिकटवलेले होते. म्हणजे फाईलमध्ये मराठी नव्हतीच कधी. रोमन आकडे होते, त्यांना मराठी मुखवटा होता. नव्या संगणकात तो फॉन्ट नव्हता, मुखवटा गळला आणि आतले रूप दिसले. चूक यंत्राची नव्हती. मी चित्र साठवले आणि अक्षर साठवले असे समजलो.

अखेर एका मित्राच्या जुन्या सीडीवर तो फॉन्ट सापडला. बसवला, आणि सबंध नाटक पडद्यावर परत आले! मी ते छापून घेतले आणि त्या पावसाळ्यात इनस्क्रिप्ट शिकत शिकत युनिकोडमध्ये पुन्हा टंकले. वडिलांनी एकेक पान तपासले. एका जागी मी 'डोंगर-दऱ्या'चे 'डोंगर-दर्या' करून ठेवले होते. ते म्हणाले, "डोंगरांत दर्या खंयचो?" समुद्र आणि सह्याद्री यांच्या मध्ये राहणाऱ्याने ही चूक करू नये! या दोन 'र'मधला फरक युनिकोडला कळतो, पण योग्य कळ दाबण्याचे काम आपलेच. शिवाय दोन ठिकाणी त्यांनी संवादच बदलले. लेखक तो लेखक.

असो. आज मोबाईलच्या काचेवर सगळा कळफलक मावतो आणि मराठी कुठेही उमटते. तरी माझे कितीतरी मित्र अजून रोमन अक्षरांत मराठी निरोप पाठवतात. फादर स्टीफन्सपुढे सहाशे ठशांची अडचण होती. आपल्यापुढे ती नाही. घरात कुणाचे जुने लेखन जुन्या फॉन्टमध्ये पडून असेल, तर त्याची फाईल एकदा उघडून पाहा. फॉन्ट मिळतो आहे आणि लिहिणारा माणूस तपासायला समोर आहे, तोवर ते काम उरकून घ्यावे, एवढेच सांगायचे होते.